लग्नाच्या वर्षाची वाईन भेट द्यायची आहे, पण वर्ष १९९१ आहे

इंग्लंडमधील रेडिंग येथून एक वाचक लिहितात:

"माझी ताई आणि भावोजी यांच्या लग्नाला येत्या मे महिन्यात ३५ वर्षे पूर्ण होत आहेत. दोघे पुण्यात असतात. मी एप्रिलच्या अखेरीस तिकडे जाणार आहे, तेव्हा त्यांच्या लग्नाच्या वर्षाची, म्हणजे १९९१ ची वाईन न्यावी असे मनात आहे. भावोजींना वाईनची चांगली आवड आहे. ते बहुतेक नाशिकची रेड वाईन घेतात. ताई कधीतरी घोटभर घेते, तीही गोडसर असेल तर. घरात ताईच्या सासूबाई आहेत आणि त्यांना हे सारे फारसे पसंत नाही. इथे एक भेटवस्तूंचा विक्रेता १९९१ ची फ्रेंच बोर्दो वाईन लाकडी पेटीत घालून, पेटीवर नावे कोरून देतो. माझे बजेट साधारण दीडशे पौंडांचे आहे. ती बोर्दो घेऊ का? इतकी जुनी वाईन पिण्याजोगी असते का? शिवाय माझ्या भाचीला गेल्या ऑक्टोबरात मुलगा झाला. त्याच्यासाठीही त्याच्या जन्मवर्षाची बाटली आत्ताच घेऊन ठेवावी का?"

आपण ती पेटीतील बोर्दो घेऊ नये, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचे सगळे विवेचन त्यावरच उभे आहे. नावे कोरलेली पेटी देखणी असेल, परंतु तिच्यातील वाईन ज्या वर्षाची आहे ते वर्ष फ्रान्सच्या बोर्दो भागासाठी अत्यंत वाईट गेले होते. १९९१ च्या एप्रिलमध्ये, २० आणि २१ तारखेच्या दरम्यानच्या रात्री, तिथे पाणी गोठवणारी थंडी पडली आणि वेलींचे कोवळे फुटवे एका रात्रीत काळे पडले. पहिल्या फुटव्यावरचा माल बहुतेक ठिकाणी हातचा गेला. नंतर आलेल्या दुसऱ्या फुटव्याची द्राक्षे उशिरा आणि अर्धवट पिकली, त्यात तोडणीच्या सुमारास पाऊस आला. पोमरोल आणि सेंत-एमिलियों या भागांना याचा सर्वांत मोठा फटका बसला. पेत्र्यूससारख्या नामवंत वाईन-घराण्याने त्या वर्षाची वाईन बाजारात आणलीच नाही. जिरोंद नदीच्या अगदी काठावर असलेल्या लातूर किंवा मोंत्रोझ यांसारख्या थोड्या मळ्यांना पाण्याच्या सान्निध्यामुळे थंडी कमी बाधली आणि त्यांची वाईन बऱ्यापैकी झाली, पण लातूरची बाटली आपल्या बजेटच्या फार पलीकडची आहे आणि भेटवस्तूंच्या पेटीत सहसा अशा मळ्याची बाटली नसते. तिथे असते ती एखाद्या साध्या मळ्याची, चार-सहा वर्षांत पिऊन संपवावी या हेतूने बनवलेली वाईन, जी कुणी प्यायली नाही म्हणून उरली. पस्तीस वर्षांनी तिच्यात फिकट तपकिरी रंग, पातळ आंबटपणा आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा वास यांपलीकडे काही शिल्लक असण्याची आशा मी तरी धरणार नाही.

आता आपला दुसरा प्रश्न, म्हणजे इतकी जुनी वाईन पिण्याजोगी असते का. जगात बनणाऱ्या वाईनपैकी फार मोठा भाग पहिल्या चार-पाच वर्षांत पिण्यासाठीच असतो आणि त्यात काही कमीपणा नाही. दशकानुदशके टिकते ती थोडीच, आणि टिकण्यासाठी तिच्यात काहीतरी राखणारे असावे लागते: भरपूर टॅनिन, म्हणजे सालीबियांतून येणारा तुरटपणा, किंवा तीव्र आंबटपणा, किंवा साखर, किंवा वाढीव अल्कोहोल. मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याला मीठ आणि आंबटपणा जसे वर्षानुवर्षे सांभाळतात, तसेच हे घटक वाईनला सांभाळतात. ज्या वाईनमध्ये यांपैकी दोन किंवा तीन एकत्र येतात, ती सर्वांत निर्धास्तपणे जुनी होते. म्हणून जन्मवर्षाची किंवा लग्नाच्या वर्षाची बाटली शोधताना अनुभवी लोक कोरड्या रेड वाईनआधी पोर्ट, मदीरा, सोतेर्न, तोकाई यांसारख्या गोड किंवा ब्रँडी घालून बळकट केलेल्या वाईनकडे वळतात. यात ताईंची गोडाची आवडही आपोआप जपली जाते.

मात्र एक गोष्ट आधी समजून घ्यावी, नाहीतर उत्तम बाटली मिळूनही भावोजींचा विरस होईल. जुन्या वाईनमध्ये ताज्या वाईनचा टवटवीतपणा नसतो. जांभूळ, काळी द्राक्षे, करवंद यांची आठवण देणारे वास ओसरतात आणि त्यांच्या जागी सुके अंजीर, खजूर, तंबाखूची पाने, जुने चामडे, पावसानंतरची माती असे वास येतात. रंगही गडद लालवरून विटकरी आणि पुढे तांबूस-मधाळ होत जातो. नाशिकची रसरशीत शिराझ ज्यांच्या जिभेवर बसली आहे, त्यांना ३५ वर्षांची कोरडी रेड वाईन पहिल्या घोटाला थकलेली वाटू शकते. जुनी गोड पोर्ट मात्र असा प्रश्न सहसा येऊ देत नाही, कारण तिची गोडी आणि सुकामेव्याचा सुगंध सवय नसलेल्यालाही ओळखीचा वाटतो.

वर्षापेक्षाही मी ज्याला अधिक महत्त्व देते, ते म्हणजे ती बाटली ही सगळी वर्षे कुठे होती. वाईनला साधारण १२ ते १३ अंश सेल्सिअसचे स्थिर तापमान, अंधार आणि थोडा ओलावा लागतो. एकाच वर्षाच्या, एकाच मळ्याच्या दोन बाटल्या घेतल्या, एक तळघरात पडून राहिली आणि दुसरी कुणाच्या बैठकीतील शोकेसमध्ये उन्हाळे काढत राहिली, तर आज त्या दोन वेगळ्या वाईन असतात. पहिली जिवंत असते, दुसरीचे बूच उष्णतेने सरकलेले असते आणि आत हवा शिरून वाईन मेलेली असते. १९९१ ची बाटली गेल्या ३५ वर्षांत पाच-सहा हातांतून फिरली असेल, तर तिच्या प्रत्येक मुक्कामाची खात्री कुणीच देऊ शकत नाही. म्हणूनच माझा कल नेहमी अशा वाईनकडे असतो, जी इतकी वर्षे आपल्या निर्मात्याच्याच ताब्यात, त्याच्याच थंड कोठारात राहिली आणि अगदी अलीकडे बाहेर पडली.

अशी वाईन आहे आणि ती आपल्या बजेटमध्ये बसते. तिचे नाव कोल्येइता पोर्ट. आपण हीच घ्यावी, असे मी सुचवते.

पोर्ट ही पोर्तुगालच्या उत्तरेकडील दोउरू नदीच्या खोऱ्यात, पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगरउतारांवर पिकलेल्या द्राक्षांपासून बनते. रस आंबत असताना मध्येच त्यात द्राक्षांचे कडक मद्य घालतात. त्यामुळे आंबण्याची क्रिया थांबते, द्राक्षांची नैसर्गिक साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोलचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर जाते. पुढे तिचे दोन मार्ग होतात. विंटेज पोर्ट ही एखाद्या उत्तम वर्षाची वाईन दोन ते तीन वर्षांतच बाटलीत भरली जाते आणि नंतर दशकेच्या दशके बाटलीत मुरते. कोल्येइता हीसुद्धा एकाच वर्षाच्या द्राक्षांची असते, पण ती लाकडी पिंपांत राहते. नियमाने किमान सात वर्षे, प्रत्यक्षात पुष्कळदा वीस, तीस, चाळीस वर्षे. पिंपाच्या लाकडातून हळूहळू हवा आत जाते, थोडी वाईन उडून जाते, उरलेली दाट होते, तिचा लाल रंग जाऊन पिवळसर तांबूस झळाळी येते आणि अक्रोड, बदाम, खारीक, संत्र्याची सुकवलेली साल यांचा वास तिच्यात उतरतो. पोर्तू शहरासमोर नदीपलीकडे असलेल्या व्हिला नोव्हा द गाया येथील थंड कोठारांतून ही पिंपे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली जातात आणि मागणी येईल तशी थोडी थोडी वाईन बाटल्यांत भरली जाते.

यामुळेच कोल्येइताच्या बाटलीवर दोन वर्षे छापलेली असतात. एक द्राक्षे पिकली ते आणि दुसरे बाटली भरली ते. आपल्याला पहिले वर्ष १९९१ हवे आहे. दुसरे जितके अलीकडचे असेल तितके चांगले, कारण बाटलीत आल्यावर ही वाईन फारशी सुधारत नाही. तिचे मुरणे पिंपातच झालेले असते. विक्रेत्याला हे दुसरे वर्ष आवर्जून विचारा आणि बाटलीच्या मागच्या बाजूच्या लेबलचे छायाचित्र मागवून घ्या. गळ्यावर पोर्ट वाईनच्या नियामक संस्थेची हमीची पट्टी आहे का, हेही पाहा. कोप्के, नीपोर्ट आणि कालेम ही घराणी या प्रकारासाठी ओळखली जातात. कोप्केची स्थापना तर १६३८ सालची आहे. १९९१ ची कोल्येइता शोधायला थोडे दिवस लागतील, पण ती दुर्मीळ नाही आणि दीडशे पौंडांत बसावी.

विंटेज पोर्टचा विचार मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवला आहे, तो तिचा दर्जा कमी आहे म्हणून नव्हे. विंटेज पोर्ट दरवर्षी जाहीर होत नाही, म्हणजे प्रत्येक वर्ष तिच्या योग्यतेचे ठरवले जात नाही. दहा वर्षांत साधारण तीनदा घराणी तसे जाहीर करतात आणि १९९१ बाबत तर त्यांच्यात एकमत नव्हते. ग्रॅहम, डाऊ आणि वॉर यांनी १९९१ जाहीर केले, तर टेलर आणि फोन्सेका यांनी ते वर्ष सोडून १९९२ निवडले. टेलरची स्थापना १६९२ सालची, म्हणजे १९९२ त्यांच्या तीनशेव्या वर्षाचे होते, आणि वाईनही खरोखर अप्रतिम निघाली. लग्न १९९२ चे असते तर मी आपल्याला डोळे झाकून तिकडे पाठवले असते. आपल्यासाठी ग्रॅहम, डाऊ किंवा वॉर यांची १९९१ ची बाटली आहे, तीही बजेटमध्ये बसणारी आणि आज ऐन रंगात आलेली. अडचण आहे ती प्रवासाची.

विंटेज पोर्ट बाटलीत मुरताना तळाशी जाड साका धरते. तळघरात ती आडवी पडलेली असते, म्हणून साका एका अंगाला चिकटतो. जुन्या बाटल्यांवर चुन्याचा पांढरा ठिपका मारलेला असतो, तो बाटलीची वरची बाजू कोणती ते कळावे यासाठी. अशी बाटली विमानाच्या सामानात उलटसुलट होऊन पुण्यात पोहोचली, की सगळा साका विस्कटून वाईन गढूळ होते आणि पुन्हा बसायला त्याला निवांत दिवस लागतात. उघडण्याआधी दिवसभर तरी ती उभी ठेवावी लागते. मग जुने, ठिसूळ झालेले बूच न तुटता काढावे लागते. त्यासाठी साध्या कॉर्कस्क्रूऐवजी दोन पातळ पात्यांचे साधन लागते, जे बुचाच्या दोन्ही बाजूंनी सरकवून हलकेच पिळत वर आणतात. मग बाटली एका हातात धरून, मानेखाली टॉर्च किंवा मेणबत्ती ठेवून, वाईन एकाच संथ धारेने काचेच्या चंबूत ओतायची. सुरुवातीला धार स्वच्छ माणकासारखी येते. बाटलीत दोन-तीन बोटे वाईन उरली, की मानेच्या खालच्या बाजूने काळसर धुराची बारीक रेघ पुढे सरकताना दिसते. ती काठाशी पोहोचण्याआधी हात थांबवायचा. हे सारे करण्यात मोठा आनंद आहे, पण ज्या घरात पाहुण्यांची वर्दळ आहे आणि वाईनबद्दल थोडा संकोचही आहे, तिथे हा सोहळा भावोजींवर लादू नये असे मला वाटते. ताई आणि भावोजी कधी आपल्याकडे इंग्लंडला येणार असतील, तर विंटेज पोर्ट आपल्याच घरी उघडा. कोल्येइताला यांतले काहीच लागत नाही. ती गाळूनच भरलेली असते, सरळ पेल्यात ओतता येते.

१९९१ ची कोरडी रेड वाईनच द्यायची, असा भावोजींच्या आवडीमुळे आपला आग्रह असेल, तर त्या वर्षी जगात सगळीकडे बोर्दोसारखी आपत्ती नव्हती. कॅलिफोर्नियात हंगाम लांब आणि थंड गेला, द्राक्षे सावकाश पिकली आणि नापा खोऱ्यातील काबर्ने द्राक्षाच्या त्या वर्षाच्या वाईन आजही नावाजल्या जातात. नापाबाहेरची, सांताक्रूझच्या डोंगरांतील रिज घराण्याची मॉन्टे बेलोही त्याच तोलाची. फ्रान्समध्ये रोन नदीच्या खोऱ्याच्या उत्तर भागात, विशेषतः कोत-रोती येथे, १९९१ फार सुंदर झाले. स्पेनच्या रियोहा प्रांतातील आरो गावचे लोपेझ दे एरेदिया हे १८७७ सालचे घराणे आपली वाईन वर्षानुवर्षे स्वतःच्या तळघरात राखून मगच विकते. त्यांच्या व्हिन्या तोंदोनियाची १९९१ ची ग्रान रेसेर्वा, म्हणजे दीर्घकाळ मुरवलेली वाईन, ही मी वर सांगितलेल्या कसोटीला पूर्ण उतरणारी कोरडी वाईन आहे. या तिन्हींची किंमत आपल्या बजेटच्या पुढे जाण्याची शक्यता मोठी आहे. ऑस्ट्रेलियाची पेनफोल्ड्स ग्रेंज तर कितीतरी पुढे. तिच्याबाबत एक मौज मात्र सांगावीशी वाटते. दक्षिण गोलार्धात द्राक्षे साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तोडतात, त्यामुळे १९९१ ची ग्रेंज ताईंच्या लग्नाच्या वेळी रस होऊन टाक्यांत गेलेली होती, तर त्याच वर्षाच्या पोर्टची द्राक्षे तेव्हा वेलीवर नुकती फुलोऱ्याला येत होती. ज्यांचा जन्म किंवा लग्न वर्षाच्या पहिल्या महिन्यांतले आहे, त्यांनी हा फरक मनात ठेवण्यासारखा आहे.

महाराष्ट्रातीलच १९९१ ची बाटली का नको, असे कुणी विचारील म्हणून सांगते. नारायणगावजवळ शॅटो इंडेजने १९८० च्या दशकात फेसाळ वाईन बनवायला सुरुवात केली होती, पण ती टिकवून ठेवण्याची वाईन नव्हे, आणि नाशिकच्या सुलाची पहिली वाईन बाजारात आली ती २००० साली. त्यामुळे १९९१ साठी देशी पर्याय उरत नाही.

कोरडी किंवा गोड, कोणतीही जुनी बाटली घेताना पाहण्याच्या गोष्टी सारख्याच आहेत. बाटलीतील वाईनची पातळी कुठवर आहे, ते उजेडासमोर धरून पाहा किंवा छायाचित्र मागवा. सरळ खांद्याच्या बाटलीत ३५ वर्षांनी पातळी मानेच्या बुडाशी किंवा खांद्याच्या अगदी वरच्या टोकाला असेल तर ते वयाला धरून आहे. खांद्याच्या मध्यावर आली असेल तर बाटली सोडून द्या. बुचावरचे आवरण चिकट, ओघळलेले आहे का, बूच वर उचललेले आहे का, हे पाहा. लेबलावरच्या ओलीच्या डागांची काळजी करू नका. ते दमट तळघराची खूण असल्याने उलट बरेच असतात. अगदी कोरे, चकचकीत लेबल असलेली स्वस्त जुनी बाटली दिसली तर मात्र मी दोनदा विचार करते. खोट्या बाटल्यांचा धंदा प्रामुख्याने फार महागड्या वाईनमध्ये चालतो. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात फ्रान्समधील बर्गंडीच्या पोंसो या वाईन-घराण्याच्या नावाने अशा वर्षांच्या बाटल्या आल्या होत्या, ज्या वर्षी ती वाईन त्या घराण्याने बनवलीच नव्हती. लोराँ पोंसो स्वतः तिथे जाऊन उभे राहिले आणि विक्री थांबली. त्या बाटल्या आणणाऱ्या रूडी कुर्नियावानला पुढे दहा वर्षांची शिक्षा झाली. दीडशे पौंडांच्या पोर्टसाठी कुणी एवढा खटाटोप करणार नाही, तरी पावती आणि साठवणुकीची माहिती लेखी देणाराच विक्रेता निवडा. आपण इंग्लंडमध्ये आहात ही या बाबतीत मोठी सोय आहे, कारण जुन्या पोर्टचा व्यापार तिथे शतकांचा आहे. लंडनच्या सेंट जेम्स भागातील बेरी ब्रदर्स अँड रड हे १६९८ पासूनचे दुकान आहे, आणि १८७४ साली स्थापन झालेली वाईन सोसायटी ही सभासदांच्या मालकीची सहकारी संस्था आहे. अशा जागी वर्ष सांगून चौकशी केली, तर त्यांच्याकडे नसले तरी योग्य दिशा दाखवतात. लिलावातून घेणार असाल तर बोलीच्या रकमेवर लिलावगृहाचे शुल्क आणि कर वेगळे चढतात, हे बजेटमध्ये आधीच धरा.

१९९१ ची मनासारखी बाटली वेळेत मिळाली नाही, तर वर्षाचा हट्ट सोडावा. ३० वर्षे असे लिहिलेली टॉनी, म्हणजे पिंपांत मुरवलेली पोर्ट मिळते. ती वेगवेगळ्या वर्षांच्या जुन्या वाईन मिसळून त्या वयाच्या चवीची बनवलेली असते. तिच्यावर लग्नाचे वर्ष नसेल, पण ती उत्तम असण्याची खात्री नावापुरत्या १९९१ च्या कोणत्याही बाटलीपेक्षा अधिक आहे. सोबत आपल्या हस्ताक्षरात चार ओळी लिहून द्या. ताईंना त्यांचे अगत्य पेटीवर कोरलेल्या नावांहून नक्कीच अधिक वाटेल.

आता पुण्याचा प्रवास. भारतात येणाऱ्या प्रत्येक प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते, त्यामुळे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या आपण एकट्याही नेऊ शकता. कुरिअरने पाठवण्याच्या फंदात पडू नका. आयात शुल्क जड असते आणि बाटली कुठल्या गोदामात किती दिवस तापत राहील ते सांगता येत नाही. बाटली हातातल्या सामानात प्रत्येक विमानतळावर चालेलच असे नाही, म्हणून मोठ्या बॅगेच्या मध्यभागी, कपड्यांच्या जाड थरांत, प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालून ठेवा. खरी भीती विमानातली नाही, ती मुंबई विमानतळापासून पुण्यापर्यंतची आहे. एप्रिलअखेरच्या दुपारी बंद गाडीच्या डिकीत वाईन अक्षरशः शिजते. बॅग डिकीत जाण्याआधी बाटली काढून स्वतःजवळ, वातानुकूलित भागात घ्या आणि वाटेत जेवायला थांबलात तर तिला गाडीत सोडून जाऊ नका. घरी पोहोचल्यावर कोल्येइता फ्रिजच्या खालच्या कप्प्यात किंवा दारात उभी ठेवली तरी चालते. दोन-तीन आठवड्यांसाठी फ्रिजपेक्षा सुरक्षित जागा मे महिन्यातल्या पुण्याच्या घरात नसते.

सासूबाईंचा प्रश्न आपण पत्रात मोकळेपणाने मांडलात, हे बरे केलेत. वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस म्हटले की घरात पूजा, औक्षण, आप्तांचे जेवण हे सगळे असते, आणि त्या गर्दीत बाटली पुढे करणे त्यांना आणि ताईंनाही अवघड वाटेल. भावोजींना आधी फोन करून विश्वासात घ्या आणि रात्री पाहुणे गेल्यावर, घरचीच चार-सहा माणसे बसलेली असताना ती उघडा. ही वाईन लहान पेल्यांत, प्रत्येकी साधारण ६० मिलिलिटर, थोडी गार करून द्यायची असते. फ्रिजमधून काढून वीस-पंचवीस मिनिटे बाहेर ठेवली की तिचा सुगंध मोकळा होतो. एका बाटलीत बारा पेले होतात, तेव्हा सहा जणांनी घेऊनही अर्धी उरेल. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे छान राहते.

सोबत काय ठेवावे, हे आपण विचारलेले नाही, पण मेच्या महिन्यात पुण्यात जेवणात आमरस असणारच, म्हणून सांगणे भाग आहे. हापूसचा दरवळ ताटात असताना कोल्येइता उघडू नका. आंब्यापुढे तिचे सारे बारकावे हरवतील. तांबड्या रश्श्याच्या तिखटाचेही तसेच. जेवणानंतर तासाभराने, भाजलेले बदाम, अक्रोड, अंजीर बर्फी किंवा खजूर-सुकामेव्याची वडी यांच्याबरोबर ती फार छान लागते. पुरणपोळी उरलेली असेल तर तूप लावलेला तिचा कोमट तुकडाही घेऊन पाहा. गूळ आणि जायफळ या वाईनच्या गोडीला धरून असतात.

शेवटी भाचीच्या बाळाविषयी. त्याच्यासाठी आज घाई करण्यासारखे काही नाही, कारण त्याच्या जन्मवर्षाची टिकाऊ वाईन अजून बहुतांशी पिंपांतच आहे. बोर्दोची वाईन तोडणीनंतर पुढच्या वसंतात चाखून आगाऊ विकायला सुरुवात होते, पण बाटलीत भरून हातात यायला साधारण दोन वर्षे लागतात, आणि एखादे वर्ष विंटेज पोर्टसाठी जाहीर करायचे की नाही, हे घराणी तोडणीनंतरच्या दुसऱ्या वसंतात ठरवतात. तेव्हा दोन वर्षे थांबा आणि त्या वर्षाबद्दल जाणकार काय म्हणतात ते पाहून घ्या. पोर्ट जाहीर झाली तर तिच्याइतकी या कामाला योग्य वाईन दुसरी नाही. जाहीर झाली नाही तर कोल्येइता आहेच, आणि तिची तर आणखी पंधरा-वीस वर्षे वाट पाहिली तरी ती पिंपात सुरक्षित असते. मात्र बाटल्या घेतल्यावर त्या भारतात नेऊन ठेवू नका. साधा फ्रिज वीस वर्षांच्या साठवणुकीसाठी नाही. त्यातल्या कोरड्या हवेने बूच आखडते आणि मोटारची थरथर सतत चालू असते. इंग्लंडमधील व्यावसायिक साठवणुकीत, कर न भरता बंधित गोदामात, त्या आपल्या नावाने ठेवता येतात. वर्षाला थोडे भाडे पडते, शुल्क आणि कर बाटल्या बाहेर काढताना भरायचे असतात. विमा उतरवलेला आहे ना ते विचारा, साठवणुकीच्या प्रमाणपत्राची एक प्रत भाचीकडे देऊन ठेवा, आणि एकाऐवजी तीन बाटल्या घ्या, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांनी एक उघडून बाकीच्या दोन किती मुरल्या आहेत याचा अंदाज आपल्याला घेता येईल.